द्राक्षमळ्यांतून सायकलवर: बर्गंडीचा उतार आणि नाशिकचे खोरे

फ्रान्सच्या ग्रामीण भागात पर्यटनाचा एक प्रकार चांगलाच रुजला आहे. आठ-दहा जणांचा गट, सोबत माहीतगार वाटाड्या, सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी गाडी, दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरांची सावकाश सायकलफेरी आणि वाटेतल्या द्राक्षमळ्यांत थांबून तिथल्या वाईनची चव घेणे, असे त्याचे साधारण स्वरूप असते. वरवर पाहता ही निव्वळ चैन वाटते. परंतु सायकल आणि वाईन एकत्र येण्यामागे भूगोल, शेतीशास्त्र आणि रस्त्यांची रचना यांचा पक्का आधार आहे. तो आधार नीट समजून घेतला, तर वसई-विरारमधील फुलपाड्यासारख्या वस्तीपासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास असलेल्या नाशिकच्या खोऱ्यात असाच अनुभव, आणि तोही इथल्या मातीच्या व पावसाच्या अंगाने, कसा घेता येतो हे ध्यानात येते.

बर्गंडीचा उतार

पूर्व फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे साँतने गावापर्यंत सुमारे साठ किलोमीटर लांबीची डोंगरउताराची एक अरुंद पट्टी आहे. चुनखडक आणि चिकणमिश्रित चुनखडी माती यांचे थर या उतारावर थोड्या थोड्या अंतराने बदलत जातात, आणि त्याबरोबर पाण्याचा निचरा, उन्हाचा कोन व मातीची खोली हेही बदलते. मध्ययुगातील ख्रिस्ती मठांच्या काळापासून तिथल्या शेतकऱ्यांनी हे फरक न्याहाळले आणि प्रत्येक वेगळ्या तुकड्याला नाव देऊन त्याची हद्द ठरवली. अशा तुकड्याला तिथे ‘क्लिमा’ म्हणतात. बाराशेहून अधिक क्लिमांच्या या प्रदेशाचा युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला. एकाच गावात, एकाच जातीच्या द्राक्षांपासून, एकाच पद्धतीने केलेल्या दोन वाईनींच्या चवीत आणि किमतीत मोठे अंतर पडते, ते मुख्यतः या तुकड्यांमुळे. उताराच्या मधल्या भागात निचरा आणि ऊन या दोन्हींचा मेळ बसत असल्याने सर्वांत नावाजलेले मळे तिथे आढळतात, तर पायथ्याच्या खोल व ओलसर मातीतील मळे साध्या दर्जाचे मानले जातात.

एखाद्या ठिकाणची माती, उतार, हवामान आणि तिथल्या माणसांची मशागतीची रीत यांच्या एकत्रित परिणामातून त्या ठिकाणच्या पिकाला जो स्वभाव येतो, त्याला फ्रेंच परंपरेत ‘तेरवार’ अशी संज्ञा आहे. १९३५ मध्ये फ्रान्सने या कल्पनेला कायद्याचे रूप दिले आणि कोणत्या हद्दीत कोणत्या जातीची द्राक्षे लावावीत, हेक्टरी जास्तीत जास्त किती उत्पादन घ्यावे आणि बाटलीवर कोणत्या गावाचे नाव छापता यावे, याचे नियम घालून दिले.

सायकलीचे महत्त्व इथे कळते. मोटारीत बसलेल्या प्रवाशाला साठ किलोमीटरांची ही पट्टी तासाभरात संपलेली दिसते आणि सगळे मळे सारखेच वाटतात. ताशी बारा-पंधरा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला मात्र चढ पायांना जाणवतो, मातीचा रंग कुठे बदलला ते दिसते, आणि बांध ओलांडताच मळ्याचे नाव का बदलले याचा अंदाज येऊ लागतो. बोन शहरापासून पोमार, व्होलने, मेर्सो आणि प्युलिन्यी-माँत्राशे या गावांवरून साँतनेपर्यंत जाणारा ‘व्वा दे व्हीन्य’, म्हणजे द्राक्षवेलींचा मार्ग, हा सुमारे बावीस किलोमीटरांचा सायकलमार्ग मळ्यांच्या आतल्या वाटांवरून नेलेला आहे. बर्गंडीतच बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर झिव्री ते क्लुनी हा मोटारमुक्त ‘हरितमार्ग’ १९९७ मध्ये खुला झाला. पश्चिमेकडे लुआर नदीच्या काठाने सुमारे नऊशे किलोमीटरांचा खुणा लावलेला सायकलमार्ग आहे. वाहनांच्या वर्दळीपासून वेगळी काढलेली वाट आधी तयार झाली आणि तिच्या आधाराने मुक्कामाची घरे, सायकली भाड्याने देणारी दुकाने व वाटाडे यांचा व्यवसाय वाढत गेला, हे या उदाहरणांतून दिसते.

नाशिकच्या द्राक्षांची वाटचाल

महाराष्ट्रात द्राक्षशेती जुनी असली, तरी ती मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांची आणि बेदाण्याची. थॉमसन सीडलेस ही बिनबियांची जात, तिच्यापासून सांगली जिल्ह्याच्या तासगाव परिसरात निवडलेली तास-ए-गणेश, सोलापूरकडची शरद सीडलेस अशा वाणांवर नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील बागायतदारांनी आपली शेती उभी केली. वाईनसाठी वेगळ्या द्राक्षांची गरज असते, ही जाणीव पुढे आली. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने बुडबुडे असलेली, म्हणजे स्पार्कलिंग, वाईन तयार करण्याचा उद्योग सुरू केला आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही पोहोचली.

नाशिकमध्ये हे वळण १९९०च्या दशकाच्या अखेरीस आले. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या मूळ फ्रेंच जातींची लागवड केली, २००० मध्ये सुला या कंपनीची पहिली वाईन बाजारात आली आणि २००५ मध्ये तिथेच चवदालन सुरू झाले. वाईन तयार होते त्याच जागी येऊन, माहिती ऐकत तिची चव घेण्याची सोय, असा चवदालनाचा अर्थ आहे. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली, आणि निफाड तालुक्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क उभारले. त्यानंतर गंगापूर रस्त्यावर यॉर्क व सोमा, इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाच्या परिसरात व्हॅलोने व ग्रोव्हर झांपा, आणि दिंडोरी तालुक्यात शाँदाँ अशी नावे नाशिकच्या नकाशावर आली. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एखाद्या उत्पादनाचा दर्जा त्याच्या मूळ प्रदेशाशी बांधलेला आहे, हे कायद्याने मान्य करणारी ही नोंदणी फ्रान्समधील १९३५च्या कायद्यामागच्या विचाराच्याच कुळातली आहे.

एका वेलीच्या दोन छाटण्या

बर्गंडीत हिवाळ्याच्या कडाक्यात वेल पाने टाकून सुप्तावस्थेत जाते, त्या काळात तिची छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास डोळे फुटतात आणि सप्टेंबरमध्ये काढणी होते. नाशिक उष्ण कटिबंधात येत असल्याने इथली वेल वर्षभर हिरवी राहते आणि आपणहून झोपी जात नाही. म्हणून इथल्या बागायतदाराने वर्षातून दोन छाटण्यांची पद्धत बसवली आहे. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीत वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवर आडव्या वळवलेल्या कायमच्या फांदीपर्यंत, मागे आणली जाते. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची सूक्ष्म जडणघडण होते, आणि त्या काळात ऊन, पाणी व अन्नद्रव्ये यांचा तोल साधला नाही तर पुढे काड्या जोमदार दिसूनही घड कमी लागतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळासाठी दुसरी छाटणी केली जाते, तिला शेतकरी गोडी छाटणी म्हणतात. त्या वेळी डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावले जाते. कोवळ्या फुटीवर पाऊस आला की केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते आणि पुढे थंडीत भुरीची. साधारण जानेवारी ते मार्च हा वाईनच्या द्राक्षांच्या काढणीचा काळ असतो.

दोन शेजारी बागा पाहिल्या तरी खाण्याच्या आणि वाईनच्या द्राक्षांतला फरक उघड होतो. खाण्याच्या द्राक्षांचा घड मोकळा आणि मणी टपोरा हवा, म्हणून मण्यांची विरळणी केली जाते आणि घड जिब्रेलिक आम्लाच्या, बागायतदारांच्या भाषेत ‘जीए’च्या, द्रावणात बुडवले जातात, वेली मांडवावर किंवा इंग्रजी वाय अक्षरासारख्या आधारावर पसरलेल्या असतात. वाईनच्या बागेत वेली तारांवर उभ्या भिंतीसारख्या चढवतात आणि मणी मुद्दाम लहान, जाड सालीचा व बियांचा ठेवतात. याचे कारण असे, की रंग, गंध आणि तुरटपणा देणारी द्रव्ये मुख्यतः सालीत असतात, त्यामुळे मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक. काढणीच्या सुमारास बागायतदार रोज सकाळी वेगवेगळ्या ओळींतील मणी तोडतो, त्यांचा रस ब्रिक्समापकाच्या काचेवर टाकून तो उजेडाकडे धरतो आणि साखरेचा आकडा वाचतो. ब्रिक्स म्हणजे रसातील विद्राव्य घनपदार्थांचे, मुख्यतः साखरेचे, शेकडा प्रमाण. आकडा बावीस-चोवीसच्या आसपास आला, आम्लता अजून टिकून आहे आणि बी तपकिरी झाली आहे असे दिसले, की तोडणीचा निर्णय होतो. दुपारच्या उष्म्यात द्राक्षांचा ताजेपणा उतरत असल्याने तोडणी पहाटे किंवा रात्री करण्याकडे कल असतो.

चवीची रीत आणि तिची मर्यादा

द्राक्षरसातील साखरेवर यीस्ट या सूक्ष्मजीवाची क्रिया होऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, ही किण्वनाची क्रिया सर्व वाईनींना समान आहे. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच सालीपासून वेगळा करून थंड तापमानात आंबवतात. लाल वाईनसाठी साली रसातच ठेवून अधिक उबदार तापमानात किण्वन होऊ देतात, म्हणून तिच्यात रंग आणि तुरटपणा देणारे टॅनिन उतरते. चव घेताना पेला आधी पांढऱ्या कागदासमोर तिरपा धरून रंग पाहतात, मग तो हलकेच फिरवून वास घेतात, आणि त्यानंतर लहानसा घोट तोंडात सर्वत्र फिरवून आंबटपणा, गोडवा, तुरटपणा व मागे रेंगाळणारा स्वाद यांची नोंद घेतात. हलक्या पांढऱ्या वाईनपासून सुरुवात करून गुलाबी, लाल आणि शेवटी गोड असा क्रम ठेवतात, कारण जड चवीनंतर हलकी चव कळत नाही. घोट गिळण्याऐवजी समोरच्या भांड्यात थुंकणे ही जाणकारांची प्रतिष्ठित रीत आहे, आणि सायकलस्वाराने तर ती अवश्य पाळावी.

यामागचे गणित सोपे आहे. साडेबारा टक्के मद्यार्काच्या १०० मिलिलिटर वाईनमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. प्रत्येकी ३० मिलिलिटरचे पाच नमुने गिळले, तर १५ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो, आणि प्रौढ शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच मद्यार्क निकालात काढू शकत असल्याने त्याचा अंमल पुढे दोन तासांपर्यंत राहू शकतो. मद्यार्काने लघवीचे प्रमाण वाढते आणि उन्हात पेडल मारणाऱ्याचे पाणी आधीच कमी झालेले असते. फ्रान्समध्ये रक्तातील मद्यार्काची लिटरला अर्ध्या ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. भारताच्या मोटार वाहन कायद्यातील १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा मोटारचालकासाठी असली, तरी वळणावर तोल जाण्याचा धोका दोन चाकांना अधिक असतो. म्हणून चांगल्या सहलीत सायकल सकाळी आणि चव संध्याकाळी, मुक्कामी पोहोचल्यावर, असा क्रम कटाक्षाने पाळला जातो. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालील परवाना आणि वयाची अट यांचे पालन करणे ही संयोजकाची व पाहुण्याची दोघांचीही जबाबदारी ठरते.

वैतरणेच्या मुखापासून गोदावरीच्या उगमाकडे

बर्गंडीत मळ्यांचा स्वभाव उताराच्या वर-खाली बदलतो. नाशिक जिल्ह्यात तो मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे, पावसाच्या प्रमाणानुसार बदलत जातो. सह्याद्रीच्या कड्यावरील इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि निफाडकडे आणखी घटतो. या पर्जन्यछायेच्या प्रदेशात समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर हिवाळ्याच्या रात्री बऱ्याच थंड आणि दुपारी उबदार असतात. दिवसा साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकून राहते, हे नाशिकच्या वाईनचे बलस्थान आहे.

हा बदल पायांनी अनुभवायचा असेल, तर फुलपाड्यासारखे आरंभस्थान शोधून सापडणार नाही. जीवदानीच्या डोंगराजवळ, पापडखिंड धरणाच्या परिसरातील विरार पूर्वेच्या या वस्तीतून निघून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मनोर गाठावे. तिथून विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा या आदिवासी तालुक्यांतून चढत तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वर आणि पुढे नाशिक, अशी ही वाट आहे. विरारच्या उत्तरेस समुद्राला मिळणारी वैतरणा नदी त्र्यंबकच्याच डोंगररांगेत उगम पावते आणि गोदावरीही तिथल्याच ब्रह्मगिरीवरून निघून पूर्वेकडे वाहते. त्यामुळे हा प्रवास म्हणजे एका नदीच्या मुखाकडून तिच्या उगमाकडे जाऊन पाणलोट ओलांडणे आणि दुसरीच्या खोऱ्यात उतरणे होय. मोखाडा-त्र्यंबकच्या बाजूला भात, नागली आणि वरईची खाचरे व उतारांवरची शेते दिसतात, आणि नाशिक ओलांडून दिंडोरी-निफाडकडे वळले की द्राक्ष, टोमॅटो, कांदा आणि ऊस यांचे राज्य सुरू होते. मुरमाड जमिनीची जागा खोल काळी जमीन घेते आणि पिकांबरोबर घरांची बांधणी व बाजारपेठांची गर्दीही बदलते. लांब पल्ल्याचा सराव असलेले सायकलस्वार हे अंतर एका दिवसात कापतात; इतरांनी जव्हारला मुक्काम करावा, किंवा सायकली गाडीवर लादून नाशिकपासून पेडल मारायला सुरुवात करावी.

नाशिकमधील तीन दिवसांची आखणी या पावसाच्या उतरणीवरच बसवता येते. पहिल्या दिवशी इगतपुरी तालुक्यातील मुकणे जलाशयाचा परिसर, दुसऱ्या दिवशी गंगापूर रस्त्याने सोमेश्वर आणि गंगापूर धरणाचा जलाशय, आणि तिसऱ्या दिवशी निफाड तालुक्यातील विंचूर व नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले ठिकाण आहे, आणि स्थलांतरित पक्ष्यांचा हंगाम द्राक्षकाढणीच्या हंगामाशी जुळतो. ज्यांना घाट चढायचा नाही, त्यांच्यासाठी पालघर जिल्ह्यातच वेगळी वाट आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेले असून बोर्डी येथे हिल झिल वाईन्स या उद्योगाने चिकूपासून वाईन तयार केली आहे. विरारहून डहाणू लोकलने जाऊन बोर्डीच्या किनाऱ्याने वाड्यांमधून सायकलफेरी केली, की फळ बदलले तरी भूमी आणि चव यांचे नाते तेच राहते, याची प्रचिती येते.

सायकल आहे, वाट हवी

नाशिकला सायकलीची परंपरा नव्याने शिकवण्याची गरज नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका देश आडवा ओलांडण्याची स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि नाशिक-पंढरपूर सायकलवारी हा शहराचा नेहमीचा उपक्रम झाला आहे. पॅरिसमधील क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या ‘ब्रेव्हे’ या दोनशे ते हजार किलोमीटरांच्या कालबद्ध सायकलफेऱ्यांतही मुंबई, पुणे आणि नाशिकचे सायकलस्वार आवडीने उतरतात. कमतरता आहे ती फ्रान्समध्ये सर्वांत आधी तयार झालेल्या गोष्टीची, म्हणजे वाहनांपासून वेगळ्या सुरक्षित वाटेची. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी आणि पिंपळगावच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर व कंटेनर यांची रांग असते, त्यामुळे गटाला मुख्य रस्त्यावरून नेणे धोक्याचे ठरते. धरणांच्या कालव्यांलगतचे सेवारस्ते, शिवाररस्ते आणि गावजोड रस्ते यांची साखळी जुळवून तिच्यावर ठळक खुणा लावल्या, तर फार मोठा खर्च न करताही चांगली सुरुवात होऊ शकते.

दुसरी गरज वाटाड्याची, आणि तो कोण असावा हे ठरवताना एक वाद लक्षात घ्यावा लागतो. वाईनच्या विक्रीविषयी महाराष्ट्रात एकमत नाही. सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याच्या जानेवारी २०२२ मधील मंत्रिमंडळ निर्णयाला तीव्र विरोध झाला आणि व्यसनाधीनतेविषयी व्यक्त झालेली काळजी खरी आहे. सहलीचा भर पेल्यावर राहिला, तर त्या काळजीला उत्तर देता येणार नाही. भर शेतावर राहिला, तर मात्र ही सहल ज्ञानाचे साधन होते. त्यासाठी चवदालनातील निवेदकाइतकेच, किंबहुना अधिक, स्थान वाईन उद्योगाशी करार करून द्राक्षे पिकवणाऱ्या बागायतदाराला मिळाले पाहिजे. खरड छाटणीनंतरची काडी, अवकाळी पावसाच्या आदल्या रात्रीची फवारणी, मण्याचा बदलता रंग आणि बाजारातला दर यांविषयी तो स्वतःच्या बांधावर उभा राहून बोलेल, तेव्हा पाहुण्याला त्या वाईनमागचे वर्षभराचे कष्ट कळतील, आणि शेतकऱ्यालाही पिकाखेरीज आपल्या ज्ञानाचा मोबदला मिळेल. ऑक्टोबरमध्ये छाटणी, डिसेंबरमध्ये मणी भरणे आणि फेब्रुवारीत तोडणी अशा तीन टप्प्यांवर सहली आखल्या, तर एकाच पाहुण्याने पुन्हा यावे असे कारणही तयार होते. बर्गंडीच्या शेतकऱ्यांनी आपला उतार शतकानुशतके वाचला आणि मग जगाला तो वाचायला बोलावले. नाशिकच्या बागायतदारानेही आपले खोरे तितक्याच बारकाईने वाचलेले आहे, तेव्हा त्याच्या बांधापर्यंत पोहोचणारी सुरक्षित वाट तयार करणे हे पर्यटनाच्या योजना आखणाऱ्यांचे पहिले काम आहे.